नवी मुंबई ते कोल्हापूर ‘156 किलोमीटर, 20 मिनिटे’: खुलासा

ठाणे-पनवेलच्या ग्रुपांत सध्या एक मेसेज फिरतोय: नवी मुंबई विमानतळ ते कोल्हापूर विमानतळ अंतर फक्त 156 किलोमीटर, विमान 20 मिनिटांत पोहोचवते. आकडा खरा आहे, पण तो नॉटिकल मैलांचा. एक नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, म्हणून सरळ रेषेतले अंतर सुमारे 289 किलोमीटर. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश नकाशात टाकून हे कुणालाही पडताळता येईल.

उरला वेळ. एटीआर 72 हे पंख्यांचे छोटे प्रवासी विमान ताशी साधारण 500 किमी वेगाने उडते, म्हणजे 156 किलोमीटरला 19 मिनिटे; मेसेजमधली 20 मिनिटे बहुधा अशीच आली. खऱ्या अंतराला त्याच वेगाने 35 मिनिटे लागतील. पण तो वेग वर पोहोचल्यावरचा. चढताना आणि उतरताना विमान हळू असते. शिवाय दोन्ही धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम, आणि कोल्हापूर इथून दक्षिण-आग्नेयेला. त्यामुळे दोन्हीकडे वळसा आलाच. जमिनीवरची धाव आणि रांग धरून हिशेब तासाच्या आसपास जातो. वेळापत्रकात छापतात तीही जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची वेळ.

‘20 मिनिटे’ वाचून कुणी उशिरा निघाले तर पंचाईत: देशांतर्गत विमानांचे चेक-इन साधारण तासभर आधी बंद होते. ठाण्याच्या घोडबंदरकरांनी तर रस्त्यावरच्या वाहतुकीचा वेळ वेगळा धरावा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपात 289 किलोमीटर हा आकडा टाका.