रेवसकर काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर (थोडं लांबलंय)

काका नमस्कार. तुम्ही प्रतिक्रियेत वय लिहिलंय म्हणून काका म्हणतेय, चालेल ना? उत्तराला चार दिवस लागले कारण पहिल्या दिवशी खरं सांगायचं तर राग आला होता, मग परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की निम्मं तुमचं बरोबर आहे आणि उरलेल्या निम्म्यावर भांडता येईल.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी काकांचं म्हणणं थोडक्यात: दरवर्षी एप्रिल आला की ही बाई टायटॅनिकचं तुणतुणं काढते, गोऱ्या श्रीमंतांची बोट, शंभर वर्षं होऊन गेली तरी कौतुक संपत नाही, आणि आपली रामदास बोट बुडाली तिच्याबद्दल एक ओळ नाही. दुसरं म्हणजे मेलेल्या माणसांच्या गोष्टी चवीने सांगणं बरं नव्हे. आणि तिसरं, तिसऱ्या वर्गाच्या लोकांना खाली कोंडून ठेवलं हे मी ठोकून दिलंय, पुरावा काय.

तिसऱ्यापासून सुरू करते कारण तिथे माझी चूक आहे. 'कोंडून ठेवलं' असं सरसकट लिहायला नको होतं, ते वाक्य बदललंय. इंग्लंडमधल्या चौकशीने असा भेदभाव झाला नाही असंच म्हटलं. पण काका, त्या चौकशीत 25,622 प्रश्न विचारले गेले आणि साक्षीला तिसऱ्या वर्गातला एकही प्रवासी बोलावला नाही! अमेरिकेतल्या चौकशीत मोजके दोन-तीन बोलावले, त्यातल्या एका आयरिश पोराने गेट बंद होतं, मग कुलूप तोडलं असं सांगितलंय. पहिल्या वर्गातल्या जवळपास सगळ्या बायका वाचल्या, तिसऱ्या वर्गातल्या निम्म्यासुद्धा नाहीत. आता यातून काय ते तुम्हीच ठरवा.

चवीने सांगण्याबद्दल. हे लागलं मला, कारण थोडं खरं आहे. ते झुंबरं, जिना, शेवटचं जेवण वगैरे मीही पूर्वी लिहिलंय, नाही म्हणत नाही. पण मी या बोटीला चिकटले ती वेगळ्याच गोष्टीने. कॅनडात हॅलिफॅक्सच्या म्युझियममध्ये एक लहान बुटांचा जोड आहे, चॉकलेटी चामड्याचा. प्रेतं गोळा करायला हॅलिफॅक्सहून केबल टाकणारी बोट पाठवली होती, तिने तीनशेच्या वर प्रेतं काढली, त्यात एक दीड-दोन वर्षांचं पोर, नाव गाव काही नाही. बोटीवरच्या खलाशांनीच वर्गणी काढून त्याला दगड बसवला. कपडे लोक आठवण म्हणून पळवतील या भीतीने जाळायचे ठरले, आणि राखणीला असलेल्या पोलिसाला बाकी सगळं जाळता आलं पण ते बूट आगीत टाकवेनात, त्याने टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिले. त्या पोलिसाच्या घरच्यांनी ते 2002 मध्ये म्युझियमला दिले. त्याच सुमारास डीएनएवरून ते पोर फिनलंडच्या एका कुटुंबातलं, तेरा महिन्यांचं, असं जाहीर झालं होतं, पण बूट तेवढ्या बाळाला मोठे होतात हे कुणाच्या तरी लक्षात आलं, परत तपासलं, आणि 2007 मध्ये कळलं की तो सिडनी गुडविन, एकोणीस महिन्यांचा, इंग्लंडचा, तिसरा वर्ग. आईबाप आणि सहा मुलं, आठही गेली. श्रीमंतांची बोट म्हणता ना, त्यात हेही होते. ते बुटांचं वाचलं तेव्हा माझा मुलगा तेवढाच होता आणि त्याच्या चपला दारात पडलेल्या होत्या, बस एवढंच.

आता रामदास. 17 जुलै 1947, गटारीचे दिवस, भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली बोट, काशाच्या खडकाजवळ कलंडली, 600 च्या वर माणसं गेली. मला माहीत नाही असं नाही हो काका. तुम्ही विचारलंत तिच्यावर का नाही लिहिलं, तर त्याचं उत्तर म्हणजेच टायटॅनिकवर का लिहिते त्याचं उत्तर आहे.

टायटॅनिक 14 एप्रिलच्या रात्री अकरा चाळीसला हिमनगाला घासली आणि दोन वीसला बुडाली. दोन तास चाळीस मिनिटं! मुंबई-पुणे होतं तेवढ्यात. त्या वेळात माणसं परत खोलीत जाऊन स्वेटर घालून आली, बायकोला बोटीत बसवून मागे उभी राहिली, काहींना तर वाटलं की वर थंडीत कुडकुडण्यापेक्षा आत बसलेलं बरं. पहिली लाइफबोट सुटली तीत 65 ची जागा आणि माणसं जेमतेम 28. एका बोटीत 40 ची जागा असून 12. आणि हे सगळं मिनिटामिनिटाला लिहून ठेवलंय कारण सातशे माणसं वाचली आणि दोन देशांनी त्यांना बसवून विचारलं. 1914 मध्ये कॅनडातच एम्प्रेस ऑफ आयर्लंड बुडाली, हजारावर माणसं गेली, पण चौदा मिनिटांत. चौदा मिनिटांत कुणाला काय ठरवायला वेळ मिळणार, आणि जगात किती जणांना तिचं नाव माहितीय? मला रात्री झोपेतून उठवतो तो समुद्र नाही, तो हा वेळ आहे, की सगळं कळलंय आणि अजून तासभर जायचाय.

रामदास तर काही मिनिटांत गेली आणि वायरलेससुद्धा नव्हती तिच्यावर, मुंबईला बातमी पोचली ती पोहून आलेल्यांकडून. तुम्ही लिहिलंय की रेवसच्या कोळ्यांनी होडीतली मासळी समुद्रात टाकली आणि माणसं घेतली. काका, तिकडे अर्ध्या रिकाम्या लाइफबोटी बुडणाऱ्यांचा आक्रोश ऐकत लांब थांबल्या होत्या. लोव नावाचा एक ऑफिसर मुद्दाम मागे गेला, तोही ओरडणं विरळ झाल्यावर. चार जण मिळाले, त्यातलाही एक नंतर दगावला. आणि इकडे दिवसाची कमाई पाण्यात. हे तुमच्या प्रतिक्रियेत दोन ओळींत आलंय आणि माझ्या दहा लेखांत असं काही नाही.

जाता जाता, 'आपला काय संबंध' याबद्दल. मी नागपूरची. तेव्हाच्या मध्य प्रांतात, म्हणजे राजधानी नागपूरच, जांजगीरला एक अमेरिकन मिशनरी बाई मुलींची शाळा चालवायची, अ‍ॅनी फंक. आई आजारी असल्याची तार आली म्हणून मुंबईहून बोटीने निघाली. इंग्लंडमध्ये कोळशाच्या संपामुळे तिची ठरलेली बोट निघेना, म्हणून वरचे पैसे भरून टायटॅनिकचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट घेतलं. 12 एप्रिलला बोटीवरच 38 वर्षांची झाली. वाचली नाही. जांजगीरच्या त्या पोरी बाईंची वाट बघत असतील ना? रेवसच्या धक्क्यावर बघत होते तशीच.

तर असं करा. तुमच्या आजीने रामदासबद्दल काय सांगितलं होतं ते तुम्ही 'जाऊ दे, तो विषय नको' म्हणून अर्ध्यात सोडलंय. तो विषय हवाय मला. टाइप करायचा कंटाळा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, मी उतरवून घेईन, तुम्ही म्हणाल तसंच छापेन, माझं एक वाक्य घालणार नाही. होडी कुणाची, किती वाजता निघाले, आजी धक्क्यावर कधी पोचली, कुणी काय म्हटलं, जे आठवेल ते, मागेपुढे झालं तरी चालेल.

आणि हो, 'एप्रिल' मी दोन ठिकाणी 'एप्रील' लिहिलं होतं, तेही दुरुस्त केलंय.