केबल कारने वर, चालत खाली: पिलाटसचा उतार ‘सोपा’ नाही

स्वित्झर्लंडला निघालेल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरतो. ल्युसर्नजवळच्या पिलाटस डोंगरावर केबल कारने एकेरी तिकिटात जा आणि चालत खाली या. उतारच आहे, दम लागत नाही. सह्याद्रीत फिरणाऱ्याला तर किरकोळच. स्पोर्ट्स शूज पुरतात, दीड-दोन तासांत तळ गाठता येतो आणि थकलात तर मधल्या स्टेशनवर बसा. पैसे वाचतात एवढं खरं. बाकीचं एकेक तपासू.

‘उतारच आहे, दम लागत नाही’

दम लागत नाही म्हणूनच माणूस फसतो. चढताना धाप लागते आणि आपण आपोआप थांबतो. उतरताना असा इशारा मिळत नाही. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो आणि अंगाचा सगळा भार रोखून धरतो. म्हणजे तो ब्रेकचं काम करतो. या कामात त्याच्या तंतूंना बारीक इजा होत जाते. त्या वेळी ती फारशी जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मात्र भिंत धरावी लागते.

धोका त्याच्या आधीचा आहे. हजारभर मीटर उतरून तुम्ही पाणी प्यायला थांबता आणि गुडघे आपोआप थरथरायला लागतात. तिथून पुढे स्नायू धक्के नीट झेलत नाही. पाऊल ताठ गुडघ्याने, टाचेवर पडतं आणि बारीक खडीवरून सटकतं. ऑस्ट्रियाच्या आल्प्समध्ये चालताना पडून झालेल्या अपघातांच्या अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश माणसं उतरतानाच पडलेली आढळली.

याच डोंगरावर १८८९ पासून दातेरी रुळांची रेल्वे धावते. तिचा सर्वांत तीव्र चढ ४८ टक्के आहे. तिच्या जुन्या डब्यांना वर जायला तीस मिनिटं लागत आणि उतरायला चाळीस. यंत्रालासुद्धा इथे उतरताना सावकाश जावं लागतं.

‘सह्याद्रीत फिरणाऱ्याला किरकोळ’

सह्याद्रीच्या वाटा अवघड आहेत, त्यात वाद नाही. प्रश्न सलग उताराचा आहे. पिलाटस कुल्म, म्हणजे माथ्यावरचं स्टेशन, २०७३ मीटरवर आहे आणि दक्षिणेचं, रेल्वेचं पायथ्याचं स्टेशन आल्पनाखश्टाड साधारण ४४० मीटरवर. उतार झाला सोळाशे मीटरहून जास्त. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून एका दमात समुद्रापर्यंत उतरल्यासारखंच हे आहे. सिंहगडाची आतकरवाडीची वाट सहाशे मीटरच्या आसपास भरते. तिची सवय इथे पहिल्या टप्प्यापुरतीच पुरते.

दगडही वेगळा आहे. आपला काळा कातळ कोरडा असला की बूट धरून ठेवतो. पिलाटस चुनखडीचा आहे. ज्या पायऱ्यांवर रोज शेकडो पाय पडतात तिथे ही चुनखडी गुळगुळीत होते आणि पाऊस पडून गेला की साबणासारखी वागते. घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी खडी-माती, दोन्हीकडे आहेच. उत्तरेकडच्या सावलीतल्या नाळांमध्ये, म्हणजे अरुंद घळींमध्ये, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाही कडक झालेला बर्फ राहतो. वाट त्या बर्फावरून आडवी जात असेल तर मागे फिरा. तिथे घसरलेला माणूस स्वतःला थांबवू शकत नाही.

‘स्पोर्ट्स शूज पुरतात’

स्विस वाटांच्या खुणा आधी समजून घ्या. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, जिथे पाऊल पक्कं हवं आणि उंचीची भीती नको. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे त्याहून कठीण वाट, जिथे हातही वापरावे लागतात. कुल्मवरून खाली येणाऱ्या वाटा पांढऱ्या-लाल-पांढऱ्या आहेत. तिथे खोल खाचांचा, न वाकणारा तळवा लागतो.

कपाटातले जुने ट्रेकिंग बूट नेणाऱ्यांनी खास लक्ष द्यावं. बुटाच्या तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो. बूट न वापरताही हे घडतं, आणि मुंबई-कोकणच्या हवेत लवकर घडतं. वरून बूट नवा दिसतो आणि वाटेत अख्खा तळवा सुटून हातात येतो. निघण्याच्या पंधरा दिवस आधी अंगठ्याने तळव्याची कड दाबा. भुगा पडला किंवा भेग दिसली तर नवे घ्या आणि घरीच चालून ते मुरवा.

उतरायला लागण्याआधी बाकावर बसा, टाच जमिनीवर आपटून मागे सरकवा आणि घोट्याच्या वळणावर नाडीला दुहेरी पीळ देऊन घट्ट बांधा. असं केलं नाही तर पाय पुढे सरकत राहतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. नखं दोन दिवस आधी कापा. काठ्या दोन हव्यात, चढाच्या मापापेक्षा पाच ते दहा सेंटीमीटर लांब केलेल्या. पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, पूर्ण तळवा टेकलेला.

‘दीड-दोन तासांत खाली’

एवढा वेळ उत्तरेकडे, केबल कारच्या बाजूला, फ्रॅकम्युंटेगपर्यंत उतरायला लागतो, आणि ते १४१६ मीटरवरचं मधलं स्टेशन आहे, तळ नव्हे. आल्पनाखश्टाडसाठी तीन तासांच्या पुढेमागे वेळ धरतात. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर दिलेल्या वेळेत विश्रांती धरलेली नसते. लहान मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर त्या आकड्यात निम्मा वेळ आणखी मिळवा. दक्षिणेचा उतार दुपारभर तापतो, म्हणून माणशी दोन लिटर पाणी न्या.

‘थकलात तर मधे बसा’

सर्वांत तीव्र टप्पे मधल्या स्टेशनांच्या वर आहेत. दक्षिणेच्या रेल्वेचं मधलं स्टेशन ऍमसिगेन सुमारे १३५० मीटरवर आहे. तिथे पोचेपर्यंत तुम्ही सातशे मीटर उतरलेले असता. रेल्वे हिवाळ्यात बंद असते आणि केबल कार जोराच्या वाऱ्यात थांबवतात. खरोखर अडकलात तर हेलिकॉप्टर बचावसेवा रेगाचा क्रमांक १४१४ आहे, ११२ही चालतो. प्रवासविम्यात डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का, हे घरून निघतानाच वाचा.

चालायची हौस असेल तर दिशा उलटी करा. केबल कारच्या केबिनने फ्रॅकम्युंटेगला या, क्लिमसेनच्या छोट्या चॅपेलवरून साडेसहाशे मीटर चढून कुल्म गाठा आणि केबल कारने खाली उतरा. दमलात की धाप लागून कळेल, आणि गुडघे शाबूत असतानाच मागे फिरता येईल. फक्त शेवटच्या केबल कारची वेळ सकाळीच पाहून ठेवा.