धातू म्हटला की एमआरआय बाद, असं नसतं

‘शरीरात धातू असेल तर एमआरआय करता येत नाही’ हे एमआरआयवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य सरसकट लिहायला नको होतं. हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या प्लेट-स्क्रूंना एमआरआय मशीनचं चुंबक ओढत नाही. गुडघ्याचा किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा असलेल्यांचे स्कॅनही नेहमी होतात. सांध्याभोवतीचं चित्र तेवढं विस्कटतं. त्यावर उपाय म्हणजे ३ ऐवजी १.५ टेस्लाचं मशीन (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक), बँडविड्थ, म्हणजे सिग्नल टिपायचा फ्रीक्वेन्सीचा पट्टा, वाढवणं आणि चित्रातला चरबीचा सिग्नल दाबायला नेहमीच्या फॅट-सॅट पद्धतीऐवजी स्टर (STIR) ही स्कॅनची दुसरी पद्धत. पेसमेकरची बाब वेगळी. तिथे चुंबकाच्या ओढीपेक्षा मोठी भीती असते मशीनच्या रेडिओलहरींनी पेसमेकरच्या हृदयातल्या वायरचं टोक तापण्याची. १.५ टेस्लाला या लहरी सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या, तर ३ टेस्लाला १२८ च्या. म्हणून एका मशीनवर चालणारं उपकरण दुसऱ्यावर चालेलच असं नाही, अगदी कमी ताकदीच्या मशीनवरही. इम्प्लांट कार्डावरचा (उपकरण बसवल्यावर मिळणाऱ्या ओळखपत्रावरचा) मॉडेल नंबर आधी कळवा, ‘पेसमेकर आहे’ एवढं सांगून भागत नाही. स्कॅनआधी पेसमेकरचा मोड (काम करण्याची सेटिंग) बदलावा लागतो आणि नंतर आठवणीने पूर्ववतही करावा लागतो.

खरा धोका लेखात आलाच नाही: ग्राइंडिंग करणाऱ्यांच्या डोळ्यात रुतलेला लोखंडाचा कण. दुखत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. तो हलला तर दृष्टी जाऊ शकते. शंका असेल तर आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे काढतात. मेंदूतल्या रक्तवाहिनीवर शस्त्रक्रियेत लावलेल्या जुन्या क्लिपचे कागद नसतील तर थांबलेलंच बरं. आणि हो, अंगावर चिकटवायच्या औषधाच्या काही पट्ट्यांमागे धातूचा पातळ थर असतो, स्कॅनमध्ये तो तापून कातडी भाजू शकते.