पत्त्याच्या रकान्यात काय लिहू?

मागच्या जूनमध्ये आठ वर्षांच्या एका मुलीला शाळेत घालायला तिच्या आईबरोबर गेले होते. घरातली पाच माणसं उड्डाणपुलाखाली राहतात. ("घरातली" लिहून गेले बघा, सवय.) फॉर्मवर नाव झालं, जन्मतारीख आईच्या आठवणीने "पोळ्याच्या आदल्या दिवशी" अशी झाली, आणि मग पत्ता आला. आईने माझ्याकडे बघितलं. मी लिहिलं: उड्डाणपुलाखाली, सिग्नलजवळ. क्लार्क म्हणाले, "मॅडम, हा काय पत्ता झाला? लाइट बिल आणा, नाहीतर भाडेकरार." पुलाला दिवे आहेत, बिल पालिकेच्या नावाने येतं, हे उत्तर मला दोन दिवसांनी सुचलं.

शिक्षण हक्क कायद्याची कलमं मात्र मी छापून नेली होती. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४. प्रवेशाची मुदत संपली म्हणून नाकारता येत नाही, हे १५. आणि कलम ४ प्रमाणे मूल त्याच्या वयाच्या वर्गात बसतं, मागे राहिलेलं त्याला वेगळं शिकवायचं. आधारसक्ती तर सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच शाळाप्रवेशातून काढली. मुख्याध्यापक बाईंनी कागद शांतपणे वाचला आणि मुलीला तिसरीत घेतलं. क्लार्कवर माझा राग नाही. पटावरच्या मुलांचं आधार जुळलं नाही तर संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तिथे) शिक्षक कमी होईल, ही भीती त्यांच्या डोक्यावर वरूनच बसवलेली आहे.

तर प्रवेश मिळतो. भांडून का होईना, मिळतो. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे.

ऑक्टोबरात गाडी आली. पुलाखालच्यांना "गाडी" म्हटलं की कुठली ते सांगावं लागत नाही. भांडी, गोधड्या, ताडपत्री उचलली, त्यात दप्तरही गेलं. कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाला एका नाल्याच्या कडेला गेलं. शाळेतून मला सांगितलं, "ताई, दाखला काढून घ्या, तिकडच्या शाळेत घाला." सल्ला चांगल्या मनाने दिलेला आणि कायद्याला धरूनच. कलम ५ म्हणतं, मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा अडवू शकत नाही.

आपल्या कायद्यात शाळा सोडून जाण्याचा हक्क इतका नीट लिहिलाय. त्याच शाळेत टिकून राहण्याचा हक्क मला कुठे सापडला नाही.

कारण अख्खा कायदा "शेजारच्या शाळेवर" उभा आहे. पाचवीपर्यंत एक किलोमीटर, आठवीपर्यंत तीन. ज्याचा शेजार ठरलेला आहे त्याच्यासाठी फार चांगली गोष्ट. पण २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर माणसं बेघर मोजली गेली, महाराष्ट्रात दोन लाखांवर. जनगणनेच्या व्याख्येत रस्त्याची कड, पुलाखाली, जिन्याखाली, रेल्वे फलाट आणि ह्यूम पाइपसुद्धा (सिमेंटचे मोठे नळ) आहे. ह्यूम पाइपचा शेजार कुठला धरायचा?

अमेरिकेत बेघरांसाठी १९८७ चा मॅकिनी-व्हेंटो कायदा आहे. पुढच्या दुरुस्त्यांनी त्यात असं आलं की छप्पर गेलं तरी, मुलाच्या हिताचं असेल तर, मूल जुन्याच शाळेत राहतं आणि ने-आण शाळाखात्याने करायची. कागदपत्रं नसली तरी प्रवेश लगेच. दर जिल्ह्याच्या शाळाखात्यात या मुलांसाठी एक माणूस नेमलेला. तिथे सगळं सुरळीत चालतं असं मी म्हणत नाही. पण छप्पर गेलं तरी वर्ग जाऊ नये, हे कुणालातरी सुचलं आणि कायद्यात आलं.

आपल्याकडे २०१६ पासून ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली सिग्नल शाळा चालते. शाळाच मुलांपाशी गेली, आणि मला त्या कामाबद्दल आदर आहे. तरीही माझा जीव नेहमीच्या वर्गात अडकलाय, जिथे ही मुलगी तीस जणांतली एक असते. चार महिन्यांत तिला मैत्रीण मिळाली होती. बाईंना ठाऊक होतं की ही डबा आणत नाही, खिचडीची वाट बघते, आणि सोमवारी पेंगते कारण रविवारी रात्री सिग्नलला गर्दी असते. नव्या शाळेत हे सगळं शून्यापासून. तेवढ्यात गाडी पुन्हा येते. महिनाभर गैरहजेरी लागली की मूल शाळाबाह्य, मग सर्वेक्षण, मग कौतुकाने पुन्हा प्रवेश.

प्रवासभत्त्याची चौकशी केली. जवळ शाळाच नसेल तर मिळतो. जवळ शाळा आहे पण ती आपली नाही, याला रकाना नाही.

सध्या वडील सकाळी टेम्पोवाल्या ओळखीच्याबरोबर तिला जुन्या शाळेत सोडतात, दुपारी आई बसने आणते. टेम्पो नसेल त्या दिवशी शाळा नाही. काल आईचा फोन आला. नाल्याकडेही नोटीस लागलीय, रेल्वेलाइनच्या पलीकडे जागा बघितलीय, "तिथून शाळा किती लांब पडंल ते मोबाईलवर बघून सांगा ना, ताई."

बघितलं. साडेनऊ किलोमीटर. अजून फोन केलेला नाही.