तिकीट काढा, पण पोस्टमनही पाठवा

वाशीतल्या आमच्या सेक्टरच्या ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक अर्ज फिरतोय. १ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनी, टपाल खात्याने साध्यासुध्या म्हाताऱ्या माणसांच्या सन्मानार्थ स्मारक तिकीट काढावं, अशी मागणी. बाबा त्या ग्रुपवर असल्यामुळे तिथली भांडणं मला टोकियोत, निशी-कासाईत बसूनही ताजी ताजी मिळतात. सह्या भराभर झाल्या आणि एका काकांनी खडा टाकला : "पोस्टाचं तिकीट घेऊन करू काय? आधी रेल्वेचं कमी पैशात द्या."

काकांचं चुकलं असं मला वाटत नाही. ज्येष्ठ पुरुषांना ४० आणि महिलांना ५० टक्के असलेली रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये कोविडच्या निमित्ताने काढून घेतली आणि तेव्हापासून मंडळी ती परत मागतायत. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट झाली २०२२ मध्ये, ते चांगलंच झालं, पण एसटीने काशीला जाता येत नाही. अशात कुणी सन्मानाचं तिकीट पुढे केलं तर तोंडाला पानं पुसल्यासारखं वाटणारच.

सन्मानाचं पुढे काय होतं, ते मी इथे जपानमध्ये बघतोय. सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी वृद्धांच्या सन्मानाची राष्ट्रीय सुट्टी असते. शंभरी गाठणाऱ्यांना सरकारकडून चांदीचा प्याला मिळतो. ही प्रथा १९६३ ची. तेव्हा अख्ख्या देशात शंभरीपुढची माणसं १५३ होती. २०२५ मध्ये ती ९९,७६३ झाली. मधल्या काळात प्याला आधी लहान झाला आणि २०१६ पासून तर नुसता चांदीचा मुलामा राहिला. आपल्याकडे महर्षी धोंडो केशव कर्वे १९५८ मध्ये शंभर वर्षांचे झाले तेव्हा ते हयात असतानाच त्यांच्यावर तिकीट निघालं. (अर्थात ते वयाइतकंच कामाचंही होतं.) मोजक्या माणसांचा सत्कार कुणालाही परवडतो. भारतात २०५० पर्यंत दर पाचांत एक जण साठीपुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. तेव्हा मुलामा तरी पुरेल का?

आणि "जपानमध्ये म्हाताऱ्यांची किती काळजी घेतात!" म्हणणाऱ्या आत्यांना मी पोलिसांचाच आकडा सांगतो : २०२४ मध्ये इथे एकटी राहणारी ७६,०२० माणसं घरात मृत सापडली, त्यातली ५८ हजार पासष्टीपुढची.

तरी इथल्या टपाल खात्याची एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. २०१७ मध्ये त्यांनी देशभर एक सेवा सुरू केली : पोस्टाचा माणूस महिन्यातून एकदा म्हाताऱ्यांच्या घरी जातो, अर्धा तास बसतो, झोप-जेवण विचारतो आणि दूरच्या मुलांना कळवतो. पैसे बहुधा मुलंच भरतात, महिन्याला सुमारे अडीच हजार येन. फ्रान्सच्या टपाल खात्यानेही त्याच वर्षी असंच काही सुरू केलं.

वाशीत हे का जमू नये? जुन्या सेक्टरांत सिडकोच्या बिनलिफ्टच्या चार मजली इमारती आहेत. तिशीत ज्यांनी तिथे घरं घेतली, ते सगळे एकदमच सत्तरीपार गेले. गुडघे धरून बसलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाकडे नियमाने चढून येणारं कोण उरलंय?

पोस्टमन चढतो. गेल्या नोव्हेंबरात आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी तो मशीन घेऊन घरी आला. सत्तर रुपये फी. मी व्हिडीओ कॉलवर होतो. आईचा अंगठा काही केल्या लागेना, भांडी घासून घासून रेषाच पुसल्यात. त्याने आधी तिला हात धुवायला लावले, मग मधलं बोट ठेवायला सांगितलं. ते लागलं. एवढ्यात त्याने कोपऱ्यातला वॉकर बघितला आणि "आजी, हा कधीपासून?" असं विचारलं. आई कॉलवर रोज "मी मजेत" सांगते. पडल्याचं मला त्या पोस्टमनमुळे कळलं.

म्हणून मी बाबांना म्हटलं, अर्जात दुसरी मागणी घाला : दाखल्यासाठी वर्षातून एकदा येणारा हाच माणूस महिन्यातून एकदा पाठवा, फी घेऊन पाठवा. आमच्यासारखी परदेशातली पोरं ती आनंदाने भरतील. बाबा हिशेबी माणूस. म्हणाले, "तुझी आई भरेल तुझ्या पैशांतून. दिघ्याच्या चाळीत जिला कुणी नाही, तिची फी कोण भरणार? आणि पोस्टात आहेत कुठे एवढी माणसं?"

पहिल्याचं उत्तर माझ्याकडे आहे : ती सरकारने भरावी, महापालिकेने भरावी, आणि आमच्याकडून थोडी जास्त घेतली तरी चालेल. दुसऱ्यासाठी भरती करावी लागेल, तिला पर्याय नाही. तिकिटाच्या मागणीला माझा विरोध नाही, सही माझीही आहे. पण ते छापायला एक छापखाना पुरतो, म्हणूनच ती मागणी आधी मान्य होईल आणि दुसरी फायलीत पडून राहील, अशी मला भीती आहे.