एप्रनला माप नसतं म्हणे

एप्रन शिवायला घेतले त्यामागं माझा एक साधा डाव होता, तो म्हणजे एप्रनला माप नसतं. ब्लाऊज शिवणाऱ्या बायकांचे हाल मी लहानपणापासून बघितलेत, मुंडा घट्ट झाला, गळा उतरला, बाही फुगली, आणि चार महिन्यांत वाढलेल्या वजनाचं सगळं खापर कात्रीवर. त्यापेक्षा एप्रन बरा. पुढून एक चौकोन, गळ्यात एक पट्टी, मागं दोन नाड्या, बाई बारीक असू दे नाहीतर जाड, नाडी ओढली की झालं. फ्री साइज. दिवसा बेळगावच्या खानापूर रोडवरच्या एका गावातल्या मराठी शाळेत चौथीच्या पोरांना भागाकार शिकवायचा आणि संध्याकाळी आईच्या जुन्या पायमशीनवर निवांत टिपा मारत बसायचं असा सगळा बेत. त्यातलं भागाकाराचं तेवढं ठरल्याप्रमाणं झालं, म्हणजे तेही पोरांना विचारलं तर झालंच म्हणतील असं नाही, पण ते जाऊ दे.

हे लचांड मागं लागलं शाळेतूनच. आमच्याकडं दुपारचं जेवण शाळेत असतं, अक्षर दासोह, आणि वरून कन्नडमधून एक सर्क्युलर आलं की स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगात एप्रन आणि डोक्याला टोपी पाहिजेच. हेडसरांनी ते मोठ्यानं वाचलं, मग परत मनातल्या मनात वाचलं आणि मग माझ्याकडं बघितलं. शाळेत कुणाला शिवता येतं ही गोष्ट काही लपून राहत नाही, गॅदरिंगला शिवाजी महाराजांचा अंगरखा आणि मावळ्यांच्या बाराबंद्या एका रात्रीत कोण उभ्या करतं हे अख्ख्या गावाला माहीत असतं. "बाई, तुम्हीच बघा की जरा." आता 'बघा की' म्हणजे काय तर कापड आणायचं तुम्ही, दोरा तुमचा, रविवार तुमचा, आणि वाटपाच्या फोटोत मधोमध एसडीएमसीचे, म्हणजे शाळेच्या समितीचे, अध्यक्ष.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी बेळगावला गेले (2014 च्या 1 नोव्हेंबरपासून कागदावर बेळगावी, पण कंडक्टरला बेळगाव म्हटलं तरी तिकीट तेवढ्याचंच येतं). खडेबाजारात केसमेंटचं, म्हणजे पडद्याला वापरतात तसलं सुती, कापड मागितलं तर दुकानदार म्हणाला, पडदे किती खिडक्यांचे? एप्रन म्हटल्यावर त्याला वाटलं मी डॉक्टर, म्हणून पांढरं काढलं, शिक्षिका म्हटल्यावर सरळ भाव पाच रुपयांनी खाली आणला, म्हणजे आमच्या पगाराबद्दल बाजारात काय मत आहे ते पण कळलं. कापड 44 इंची पन्ह्याचं. लांबी 30 इंच, रुंदी 26 इंच धरली की बाजूला 18 इंचाची पट्टी उरते, तिच्यातून दोन नाड्या, गळपट्टी आणि खिसा निघतो, आणि काखेतले जे दोन गोल कापून पडतात त्याची गरम भांडी धरायची फडकी होतात. पाऊण मीटरला थोडं जास्त कापड आणि कचरा जवळजवळ काही नाही. हे गणित मी पोरांना फळ्यावर पण घातलं होतं. सगळ्यांचं उत्तर वेगळं आलं आणि एकानं तर एका मीटरमध्ये सहा एप्रन बसवले, हा पुढं कापड व्यवसायात जाईल.

तर ते एप्रन मी शिवून नेले आणि आमच्या स्वयंपाकाच्या अक्कांच्या अंगात घातले. थोरल्या अक्का हात वरखाली करून म्हणाल्या, "बाई, काखेत जरा काचूलालाय." आता काखेत जिथं कापडच नाही तिथं काय काचणार? दुसऱ्या म्हणाल्या पोट दिसतंय. दिसत होतं, पण ते एप्रनमुळं नव्हे. तिसऱ्या काही बोलल्याच नाहीत, नुसत्या एप्रनवरून हात फिरवत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, खिसा एकच काय वो? एका खिशात मोबाईल गेला, मग मिश्रीची डबी कुठं ठेवायची? हेडसरांनी पण त्यांचीच बाजू घेतली, कारण आठवड्यातून दोन दिवस होती ती अंडी 2024 पासून सहा दिवस झालीत, रोज किती उकडली, किती पोरांनी खाल्ली, अंडं नको म्हणणाऱ्या किती जणांना केळं दिलं याचा हिशेब लागतो आणि तो लिहायचं पेन दर वेळी तांदळाच्या डब्यात सापडतं. म्हणून पेनचा एक वेगळा उभा खिसा. म्हणजे फ्री साइजच्या एप्रनला पहिल्याच दिवशी तीन मापं, तीन खिसे आणि वर टोपीची इलॅस्टिक कानावर येतेय ही तक्रार वेगळी.

मी माझ्यासाठी पण एक शिवला होता. पोरांना दूध असतं ना, 2013 पासूनची क्षीरभाग्य योजना, त्या पावडरीच्या गाठी फोडता फोडता साडीवर जे काय उडतं त्याला वैतागले होते. तर एके दिवशी मी एप्रन घालून रांगेला दूध वाटत उभी आणि नेमके वरचे एक साहेब तपासणीला आले. मी अदबीनं नमस्कार केला. साहेबांनी कन्नडमधून सांगितलं की काल एका शाळेत सांबार फार पातळ होतं, तुम्ही तरी डाळ नीट घालत जावा, आणि चौथीच्या वर्गशिक्षिका कुठं आहेत, वर्ग रिकामा दिसतोय. मी म्हटलं बोलावून आणते, आत गेले, एप्रन काढला आणि परत आले. साहेबांनी ओळखलं नाही. त्या दिवसापासून एप्रनबद्दल माझा आदर वाढला.

पण मग बातमी फुटली. गावात कुणाकडं काय आहे हे सगळ्यात आधी दळपाच्या गिरणीत कळतं, तिथून ते बेळगावातल्या अनगोळ-वडगावपर्यंत कसं पोचलं देव जाणे, पण गिऱ्हाईकं यायला लागली. पहिल्या आल्या त्या एक आजी, पिशवीतून काढलं काय तर इरकल लुगडं. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं, लाल टोपपदराचं, त्यांच्या सासूचं. म्हणाल्या, पुण्याच्या सुनेला ह्याचा एप्रन करून द्या. मी म्हटलं आजी, एवढं चांगलं लुगडं कापायचं? तर म्हणाल्या, "ती काय स्वैपाक करूलाल्या होय! खराब कशाला होतोय?" मला कात्री लावताना हात थरथरला, खोटं कशाला बोलू. पदर बरोब्बर छातीवर आणला, काठ खाली आणला, खिशाला गुळेदगुड्डच्या खणाचा तुकडा लावला आणि असा काही एप्रन झाला की सुनेनं तो म्हणे फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. आजी खूश. शिलाईचे पैसे म्हणून त्यांनी टोपलीभर रताळी आणून दिली, नवरात्राचे दिवस होते, आमच्या पश्चिम भागात रताळ्याला काय तोटा नसतोय. ते बघून मागच्या गल्लीतल्या दोघींनीही रताळीच दिली. घरात उकडून, भाजून, कीस करून, घाऱ्या करून झाल्या, आणि मिस्टर एका सकाळी डबा उघडून म्हणाले, आता कुणीतरी रोख देणाऱ्याचा एप्रन शिव.

मिस्टरांचा पण ह्या धंद्यात सहभाग आहे हे सांगायला पाहिजे, नाहीतर वाचून रुसतील. नाडी शिवताना उलट्या बाजूनं नळी शिवायची असते आणि मग सेफ्टी पिन आतून ढकलत ढकलत ती सुलटी करायची, ह्या कामासारखं कंटाळवाणं काम पृथ्वीवर नसेल. ते मी मिस्टरांना दिलंय. क्रिकेटची मॅच लागली की मी गुपचूप नळ्यांचा ढीग त्यांच्या मांडीवर ठेवते, ओव्हरला एक नाडी असा रेट पडतो. फक्त विकेट पडली की हात सुटतो आणि पिन नाडीच्या मधोमध उघडते. टेस्ट मॅच असली की माझ्या ऑर्डरी वेळेत जातात.

एरवी जात नाहीत. आणि इथं माझी खरी पंचाईत आहे, कारण शिंप्याचा धर्मच असा की 'परवा या' म्हणायचं, आणि मास्तरांचा धर्म असा की 'परवा आणतो' म्हणणाऱ्याचा कान धरायचा. माझ्या वर्गातल्या एका पोराच्या आईचा एप्रन माझ्याकडं बरेच दिवस पडून होता. त्या पोराला गृहपाठ विचारला तर म्हणाला, केला होता बाई, वही घरी राहिली. मी म्हटलं, रोज कशी घरी राहते? तर तो म्हणाला, "बाई, आईनं विचारलंय एप्रन झाला काय." सगळा वर्ग कान टवकारून. मी सांगितलं, काल पावसात रात्रभर लाईट नव्हती. तर हे कार्टं म्हणतंय, "पण तुमचं मशीन पायाचं आहे की, बाई." भागाकार येत नाही पण कुठं काय बोलायचं ते बरोबर येतं. त्या दिवशी आम्ही दोघांनी एकमेकांना सोमवारपर्यंत मुदत दिली.

2025 च्या दसऱ्याच्या सुट्टीत म्हटलं तुंबलेलं सगळं शिवून टाकू, तर राज्याचा सामाजिक-शैक्षणिक सर्व्हे आला आणि सगळे शिक्षक दारोदार. 60 प्रश्न, मोबाईलवर ॲप, विजेच्या मीटरवरून घर शोधायचं, ओटीपी घ्यायचा. ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो तर जो मुलगा गोव्याला कामाला आहे त्याच्या, आणि तो फोन उचलत नाही. एका घरी अशीच वाट बघत बसले होते, चहा झाला, पोहे झाले, आणि त्या घरच्या वहिनी मला निरखून बघत म्हणाल्या, तुम्ही एप्रनच्या बाई न्हवं? मग काय. ओटीपी येईपर्यंत जरा माप तरी घ्या की म्हणाल्या. मी म्हटलं वहिनी, एप्रनला माप नसतं. "असं कसं? माझ्या जावेला तुमचा एप्रन गुडघ्याला येतोय आणि मला बघा, नुसता रुमाल बांधल्यागत." शेवटी सर्व्हेच्या कागदाच्या पाठीमागं त्यांचं माप लिहून घेतलं. उत्पन्नाचा प्रश्न विचारला तर म्हणाल्या, कसलं उत्पन्न वो, काय राहिलंय शेतीत. एप्रनला लेस लावायची काय विचारलं तर म्हणाल्या, लावा की चांगली जाडजूड, पैशाचं काय बघू नका. ॲपमध्ये यातलं पहिलं उत्तर गेलं, वहीत दुसरं.

पण ह्या सगळ्यांचा कळस म्हणजे संक्रांत. टिळकवाडीकडच्या एक बाई कारमधून आल्या, त्यांना हळदीकुंकवाला वाण म्हणून 51 एप्रन पाहिजे होते. दरवर्षी प्लास्टिकचे डबे लुटून कंटाळा आलाय म्हणाल्या. कापड त्यांचं. मोजलं तर 35 मीटर. माझ्या गणितानं 51 ला 39 मीटर पाहिजे, 35 मध्ये 45 च्या वर बसत नाहीत, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं, त्या म्हणाल्या दुकानदारानं सांगितलंय बसतात म्हणून. मला एका मीटरमध्ये सहा बसवणारा आमचा विद्यार्थीच आठवला. "बसवा हो कसं तरी, वाणच तर आहे, आणि प्रत्येकाला दोन खिसे पाहिजेत, आणि उरलेल्यातून एकेक फडकं." उरलेल्यातून! मग भाव. मी एका एप्रनला शिलाई 80 रुपये घेते. वाण म्हटल्यावर 60 म्हटलं. त्या 20 म्हणाल्या. पुण्य लागेल, सवाष्णींना जाणार आहे, तुमचं नाव होईल, असं करत करत 25 वर अडकलं आणि मला त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजवणारा ड्रायव्हर, परीक्षेचे पेपर आणि गॅसवरचं दूध ह्या तिन्हींनी मिळून हो म्हणायला लावलं.

लांबी 27 इंच केली. तरी दोन खिसे आणि फडकं म्हटल्यावर पट्टीत राहणार काय? नाड्या निघाल्या दीड-दीड वीत. मी आधी फोन करून सांगितलं, वहिनी, नाड्या आखूड होतायत. त्या म्हणाल्या, चालतंय, कोण बघतंय. मिस्टरांना तर फार बरं वाटलं, ओव्हरला दोन दोन नाड्या सुलट्या व्हायला लागल्या.

हळदीकुंकवाचं बोलावणं मलाही आलं. गेले. तिळगूळ झाला, अत्तर झालं, ओटीत गहू-बोरं पडली आणि हातात वाण आलं, मी शिवलेला एप्रन, वर झिरमिळ्या कागदाचं पाकीट. शेजारच्या बाईंनी विचारलं, कुठून आणले हो, छान आहेत. यजमानीण बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पुण्याहून मागवलेत, आपल्या बेळगावात कुठं असं फिनिशिंग मिळतंय." मी काय बोलणार, मला पण ऐकून जरा अभिमानच वाटला.

दोन दिवसांनी त्यातल्याच एक बाई माझ्या दारात. पाठोपाठ दुसऱ्या. रथसप्तमीपर्यंत येतच होत्या. सगळ्यांची एकच तक्रार, एप्रन देखणा आहे पण नाडी बांधायला येत नाही, ह्या पुण्याच्या लोकांना आमची मापं कुठली माहीत. मी प्रत्येकीला बसवलं, एप्रन हातात घेऊन उलटसुलट बघितला, दोनदा मान हलवली आणि म्हटलं, होय की, कापडात चोरी केल्या बघा. नाडी वाढवून देते. एका नाडीचे 20 रुपये, दोन्हीचे 40, आणि रताळी नकोत.