पोलाद आणि काँक्रीट नागपूरच्या उन्हात सुटे होतात का?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या आणि कंत्राटदारांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. पोलाद आणि काँक्रीट उन्हात वेगवेगळे प्रसरण पावतात, त्यामुळे नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कंपोझिट तुळया, म्हणजे पोलादी गर्डर आणि त्यावरचा काँक्रीटचा स्लॅब एकजीव करून केलेल्या तुळया, सुट्या होतात. गर्डरवर वेल्ड करून स्लॅबमध्ये रुतवलेले, दोघांना जोडणारे पोलादी खुंट, म्हणजे स्टड, नावापुरते असतात. आणि सॉफ्टवेअर सगळे गणित करत असताना हा विषय शिकवणे व त्यावर संशोधन करणे व्यर्थ आहे, असे त्यात म्हटले आहे. मी हा विषय नागपुरात शिकवतो आणि तिन्ही विधाने मला चुकीची वाटतात.

उन्हाची गोष्ट आधी घेऊ, कारण तिच्यात थोडे तथ्य आहे. पोलादाचा प्रसरण गुणांक दर अंशाला दहा लाखांत १२ धरतात, तर आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टची गिट्टी वापरलेल्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ ही काँक्रीटची भारतीय संहिता तो ८ ते ९.५ देते. ३० मीटरचा गर्डर ३० अंशांनी तापला, तर पोलाद सुमारे १०.८ मिलिमीटर वाढू पाहते आणि काँक्रीट ७ ते साडेआठ; म्हणजे प्रत्येक टोकाला फरक दोन मिलिमीटरपेक्षाही कमी. एवढ्याने जोड तुटत असता, तर आपल्या घरांच्या स्लॅबमधल्या सळ्याही कधीच सुट्या झाल्या असत्या, कारण तिथेही हीच जोडी आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. पातळ पोलाद लवकर तापते, जाड स्लॅब मागे राहतो, शिवाय काँक्रीट सुकताना आकसते, आणि या सगळ्याचा ताण मुख्यतः तुळईच्या टोकांशी साठतो. संरचनाकाराला हे ठाऊक असते आणि टोकाकडच्या स्टडांचा हिशेब करताना तो हा ताण धरतो.

स्टड नावापुरते असतात, हे म्हणणाऱ्याने वेल्डिंग जवळून पाहिलेले नसावे. स्टडच्या बुडाशी चिनीमातीचे कडे असते. वेल्ड झाल्यावर ते फोडून सभोवार वितळलेल्या धातूची सलग कड आली आहे का, हे तपासतात. मग काही स्टड हातोड्याने ठोकून वाकवतात आणि मुळाशी तडा गेला की तो नापास. एवढी काळजी का, हे वर्गात दोन सारख्या लाकडी पट्ट्यांनी दाखवता येते: नुसत्या एकमेकींवर ठेवल्या की दोन्ही आपापल्या वाकतात आणि घासून सरकतात, पण सरकू न देता घट्ट जखडल्या, तर तेवढ्याच भाराखाली वाक एक चतुर्थांश होतो. स्टडचे काम हेच, सरकणे रोखणे.

राहिला सॉफ्टवेअरचा मुद्दा. सॉफ्टवेअर जी सूत्रे वापरते, ती प्रयोगशाळेतूनच आली आहेत. पुश-आउट चाचणीत आय-आकाराच्या पोलादी तुकड्याच्या दोन्ही बाजूंना स्टडांनी काँक्रीटचे स्लॅब जोडतात, वरून दाब देतात आणि सरकणे मोजतात. युरोपीय संहितेत आधी २५ वेळा जोड तुटण्याच्या अपेक्षित भाराच्या ५ ते ४० टक्क्यांदरम्यान भार देऊन घेतात, आणि किमान ६ मिलिमीटर सरकण्याची क्षमता असेल तरच स्टड तन्य, म्हणजे अचानक न तुटता सरकू शकणारा, मानतात. घड्यांच्या पत्र्यावर ओतलेल्या स्लॅबमध्ये तोच स्टड सपाट स्लॅबइतका भार घेईलच असे नाही, हेही चाचण्यांतूनच कळले. आपली कंपोझिट बांधकामाची आयएस ११३८४ ही १९८५ची संहिता २०२२ मध्ये सुधारली गेली, तिच्यामागेही असेच काम आहे.

आणि काही गोष्टी सॉफ्टवेअर विचारते, पण उत्तर माणसालाच द्यावे लागते. काँक्रीट ओले असताना खाली टेकू आहेत की नाहीत? नसतील, तर काँक्रीट, मजूर आणि सेंटरिंग यांचे सगळे वजन एकटा गर्डर पेलतो. त्याच्या वरच्या पाटाला, म्हणजे आय-आकाराच्या वरच्या आडव्या पट्टीला, अजून स्लॅबचा आधार नसतो आणि आडव्या बंधनांशिवाय तो बाजूला कलंडू शकतो. माझ्या वर्गात दरवर्षी काही विद्यार्थी नेमका हाच टप्पा सोडून थेट तयार तुळईचे गणित मांडतात. म्हणून पहिले दोन आठवडे मी फक्त ओल्या काँक्रीटच्या अवस्थेवर घालवतो.